माळ्यावरचा संसार

दिवाळी पंधरा दिवसांवर आली, कीं आमच्या घरांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष झाडू घेऊन माळ्याच्या शिडीवर चढतो; दुसरा शिडीच्या पायथ्याशीं उभा राहून, वरून खालीं येणारी प्रत्येक वस्तु हातांत घेऊन, "ही कशाला टाकतां?" असा प्रश्न विचारतो. पहिल्या पक्षाचें पुढारपण आमच्या धाकट्या भावजयीकडे आहे व दुसऱ्याचें आमच्या मातोश्रींकडे. आम्ही स्वतः शिडी धरून उभे असतों. हें काम निरुपद्रवी असून दोन्ही पक्षांस मान्य आहे.

गेल्या खेपेस मात्र माळा पुरता रिकामा करावा लागला, कारण छतांतून पाणी झिरपूं लागलें होतें. जें जें खालीं आलें त्याची यादी आमच्या पुतण्यानें एका पाठकोऱ्या कागदावर केली. ती यादी आम्हीं जपून ठेविली आहे. आइस्क्रीमचे प्लॅस्टिकचे डबे ४३, पैकीं झाकण असलेले १९. कांचेच्या बरण्या २६. बंद पडलेले पंखे २. भांडें नसलेला मिक्सर १ व मिक्सर नसलेलें भांडें १, परंतु दोहोंचा मेळ बसत नाहीं. मुके झालेले मोबाइल फोन ५. लग्नकार्यांत मिळालेल्या कापडी पिशव्या, मोजतां मोजतां कंटाळा आल्यामुळें "पुष्कळ". आणि सर्वांच्या मागें, भिंतीला टेकलेली, आमच्या आजीची लोखंडी पत्र्याची पेटी.

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर वाद झाला. भावजय म्हणाली, "आई, दहा वर्षांत एकदांहि लागली नाहीं ती वस्तु अकराव्या वर्षीं कशी लागेल?" मातोश्री म्हणाल्या, "अग, या घरांत कधीं कांहीं टाकलें नाहीं, म्हणून तर सगळ्या पोरांचीं शिक्षणें झालीं." दोघींचेंहि बोलणें खोटें नव्हतें. घरांतील पुरुषमंडळींनीं अशा वेळीं जें करावयाचें तेंच केलें, म्हणजे वर्तमानपत्रांत तोंड खुपसलें.

निवाडा केला तो आजीच्या पेटीनें. दुसऱ्या दिवशीं ती उघडली. वरच्या थरांत जुन्या लुगड्यांच्या घड्या होत्या. तलम निराळ्या, जाड निराळ्या. त्यांखालीं धोतराचे कांठ काढून केलेल्या नाड्या, गुंडाळी करून ठेविलेल्या. एका कापडी बटव्यांत सदऱ्यांचीं बटणें, आकारवार दोऱ्यांत ओंवलेलीं. आलेल्या पत्रांचीं पाकिटें उलगडून, त्यांच्या आंतल्या कोऱ्या बाजूच्या कापलेल्या चिठ्ठ्या. त्यांपैकीं एकीवर वाण्याचा अर्धा हिशेबहि होता. पेटी भरलेली होती, परंतु अडगळ म्हणावी असें तींत कांहीं सांपडेना. "कधीं तरी लागेल" म्हणून ठेविलेली वस्तु तींत एकहि नव्हती. जी होती ती कशाला लागणार हें ठरून मगच आंत गेली होती. आमच्या माळ्यावर नेमका उलट प्रकार होता. आजी प्रत्येक वस्तूस पुढच्या मुक्कामास पाठवीत असे. आम्ही ती दृष्टीआड करीत होतों, आणि दृष्टीआड करण्यालाच काटकसर म्हणत होतों.

ज्यांनीं तो काळ पाहिला नाहीं त्या तरुण वाचकांकरितां एका लुगड्याचा प्रवास येथें सांगावासा वाटतो. नऊवारी लुगडें घरांत येई तें सणाचें म्हणून. पुढें तें रोजच्या नेसण्यांत उतरे. लुगडें विरतें तें प्रथम बसण्याच्या जागीं. बाकीचा भाग शाबूत राहतो. तेव्हां विरलेला भाग काढून दोन धड तुकडे एकमेकांस जोडीत. यास दंड घालणें म्हणत, आणि दंड घातलेलें लुगडें घरांत नेसण्यांत कोणासहि कमीपणा वाटत नसे. तेंहि निभावेनासें झालें, कीं धड भागाचे मुलींकरितां परकर होत व मऊ भागाचीं दुपटीं आणि लंगोट. नवें कापड तान्ह्या अंगाला टोचतें, म्हणून बाळंतिणीच्या खोलींत जुन्यालाच मान असे. त्यांतून उरेल तें गोधडीच्या पोटांत जाई. गोधडी फाटली, कीं तिचें पोतेरें. पोतेऱ्याच्या चिंध्या झाल्या, कीं त्या चुलींत. आणि चुलींतील राखेनें दुसऱ्या दिवशीं भांडीं घांसलीं जात.

गोधडीविषयीं मात्र घाईनें पुढें जातां येत नाहीं. वरचें व खालचें पांघरूण त्यांतल्या त्यांत चांगल्या लुगड्याचें. मध्यें जुन्याचे थर, सुरकुती न पडेल असे पसरलेले. मग चारी कडांनीं धांवदोरा घालीत घालीत मध्याकडे यावयाचें. टांका लांब पडला तर धुतांना आंतले थर गोळा होतात, म्हणून तो बारीकच हवा. दुपारीं मागचें आवरल्यावर सासवा-सुना चार बाजूंना बसून हें काम करीत, आणि एक गोधडी उरकण्यास कित्येक दुपारी जात. आमच्या घरांतील पुरुषांनीं त्या गोधड्या पांघरून आयुष्यें काढलीं. त्यांपैकीं एकानेंहि टांका घातल्याचें मातोश्रींस आठवत नाहीं. काटकसरीची कीर्ति घराची आणि तिचे कष्ट सुनांचे, अशी ही वांटणी होती. जुन्या काळाचे गोडवे गाणारे लेखक हें सांगावयाचें विसरतात. आणखी एक गोष्ट विसरतात. फाटकें लुगडें, विटलेला सदरा मोलकरणीस दिला जाई व त्याला आपण दान म्हणत असूं. तिच्या वर्षभराच्या कामाच्या मानानें तें दान किती होतें, याचा हिशेब पाकिटाच्या कोऱ्या बाजूवरहि कोणीं मांडला नाहीं.

स्वयंपाकघरांतील रीत त्याच जातीची होती, आणि सुदैवानें ती अजून पुष्कळ घरीं टिकून आहे. दोडका चिरण्यापूर्वीं त्याच्या शिरा काढाव्या लागतात. त्या तेलावर कुरकुरीत परतून तीळ व सुकें खोबरें घालून केलेली चटणी आमच्या घरीं भाजीच्या आधीं संपते. दुध्याच्या सालींची गोष्ट तीच. लोणी कढविल्यावर तळाशीं राहणारी बेरी साखर घालून मुलांच्या हातावर पडे, रात्रींच्या भाताला सकाळीं फोडणी मिळे, शिळ्या पोळीचा कुस्करा होई. पाहुण्यांस शिळें वाढूं नये हा नियम. घरच्यांनीं तें आवडीनें खावें हा त्याचाच दुसरा भाग.

घराच्या उंबरठ्याबाहेर या सांखळीचे पुढचे दुवे उभे असत. गादीचा कापूस बसला, कीं पिंजारी आपली तांत वाजवीत येई आणि तोच कापूस पिंजून पुन्हां भरून देई. पितळेचीं भांडीं कळकूं नयेत म्हणून कल्हईवाला अंगणांत भाता मांडी; तापलेल्या भांड्यांत नवसागर पडला, कीं उठणारा पांढरा धूर आणि कापसाच्या बोळ्यानें फिरविलेल्या कथलाची झळाळी पाहण्यास आळींतील पोरें जमत. स्टेनलेस स्टील आलें आणि त्याचें काम हळूहळू गेलें. बोहारीण मात्र अजून कोठें कोठें दिसते. जुन्या कपड्यांवर भांडें देणाऱ्या या बाईशीं घातलेल्या घासाघिशीचा आमच्या काकूंस मोठा अभिमान वाटे. ते कपडे पुढें धुवून, शिवून, कोणाच्या तरी अंगावर चढण्याकरितां बाजारांत जातात, हें फार थोड्यांच्या मनांत येई.

आतां ही सांखळी तुटली कोठें? "आजकालच्या मुलींना नको" हें उत्तर सोपें आहे, पण खरें नाहीं. भावजयीनें एक जुनी साडी फाडून फडकें म्हणून मातोश्रींच्या हातीं दिली. मातोश्रींनीं ओटा पुसला. पाणी जेथल्या तेथें. साडी पॉलिएस्टरची होती. तो धागा पाणी शोषीत नाहीं, दुपट्याला उबतो, गोधडींत घसरतो. जें कापड दुसरा जन्म घेऊंच शकत नाहीं, त्याच्यापुढें सुगृहिणीचें कसब काय करणार? वेफर्सच्या पुडीचेंहि तसेंच. प्लॅस्टिकचे पापुद्रे व धातूचा मुलामा तींत असे चिकटलेले असतात, कीं ते वेगळे करणें कठीण, आणि म्हणून भंगारवाला तिला हात लावीत नाहीं. उलट कांच आणि अ‍ॅल्युमिनियम कितीहि वेळां वितळविलें तरी पुन्हां कामास येतें. जुन्या अ‍ॅल्युमिनियमपासून नवें करण्यास, खनिजापासून करण्याच्या मानानें, सुमारें ५ टक्केच ऊर्जा लागते. कागद मध्यें कोठें तरी आहे. त्याचा तंतु दर खेपेस आंखूड होत जातो व पांच-सात खेपांनंतर निकामी होतो. तेलाचा डाग पडलेला कागद तर पहिल्याच खेपेस बाद. तेव्हां टाकतांना करावयाचा विचार विकत घेतांनाच करावा लागतो, हें आजीस ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. तिच्या दुकानांत वाईट पुडी मिळतच नव्हती.

येथवर आम्ही दुसऱ्यांच्या चुका सांगितल्या. आतां आमची. माळा उतरवितांना त्या सव्वीस बरण्यांपैकीं एक आमच्याच हातून पडून फुटली. आम्हीं तुकडे गोळा केले, वर्तमानपत्रांत गुंडाळले, पुडी पिशवींत घातली आणि पिशवी कचऱ्याच्या डब्यांत. आपण मोठी सावधगिरी घेतली, अशा समाधानांत झोंपलों. सकाळीं आमच्या गल्लींतील कचरा नेणाऱ्या बाईंनीं नेहमींप्रमाणें पिशवी उघडून कोरडें निराळें करावयास हात घातला आणि तळहात चिरला. कागद ओल्या सालींनीं भिजून गेला होता. त्या रागावल्या नाहींत. हाताला फडकें दाबून एवढेंच म्हणाल्या, "दादा, कांच वेगळी द्यायची, अन् वर लिहायचं. कागदानं काय होतंय?" टांके पडले, धनुर्वाताचें इंजेक्शन झालें, तो खर्च आम्हीं दिला, पण तें सांगण्यासारखें नाहीं. पुढचे कांहीं दिवस त्यांच्या जागीं त्यांची कॉलेजांत शिकणारी मुलगी गाडी ढकलीत आली. आमच्या पुतण्याहून ती एखाद्या वर्षानें मोठी असेल. त्यानें तिला विचारलें, "तुमचं कॉलेज?" ती म्हणाली, "आज बुडलं." तो घरांत आला आणि आमच्याकडे न पाहतां आपल्या खोलींत गेला.

पुण्यांत राहूनहि आपण या लोकांविषयीं किती अजाण होतों, हें आम्हांस त्यानंतर कळलें. कागद, कांच, पत्रा वेंचणाऱ्यांची कष्टकरी पंचायत याच शहरांत १९९३ सालीं उभी राहिली. त्यांतून पुढें 'स्वच्छ' ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था निघाली आणि २००८ पासून महानगरपालिकेशीं करार करून ती घरोघर काम करूं लागली. २०१६ च्या घनकचरा नियमांनीं ओला, सुका व घरगुती घातक असे तीन भाग घरांतच निराळे करण्यास सांगितलें. नियम आम्हीं वाचलेला होता. भाग दोनच करीत होतों, तेहि मोलकरीण आली तर.

त्या आठवड्यांत घराची बैठक बसली आणि कामें वांटलीं गेलीं. यावेळीं वर्तमानपत्र कोणाच्या हातांत राहूं दिलें नाहीं. दुधाच्या पिशव्या धुवून दोरीवर वाळविणें आमच्याकडे आलें. त्यांतील एक खुबी भावजयीनें शिकविली: पिशवीचा कोपरा कापून वेगळा करावयाचा नाहीं, लटकताच ठेवावयाचा, कारण तो चिमुकला तुकडा हरवतो आणि गटारांत जातो. कांच, ब्लेड, फुटके दिवे यांसाठीं झाकणाचा पत्र्याचा डबा, वर मोठ्या अक्षरांत नांव. तो भरला म्हणजे हातोहात द्यावयाचा. विजेच्या जुन्या वस्तु व मोबाइल ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर पोंचविणें बंधूंचें काम. ओल्या कचऱ्याचें खत पुतण्यानें गच्चीवर सुरू केलें. पहिल्या महिन्यांत त्यास असा वास सुटला, कीं शेजारच्या काकांनीं आमच्याशीं बोलणें सोडलें, आणि अळ्या पाहून घरांतील दोन मुलींनीं गच्चीवर जाणें सोडलें. भाजीचा देंठ ओला, त्यावर कोरडा पाला हवा, हें समजल्यावर वास गेला. काका अजून पूर्णपणें बोलूं लागलेले नाहींत.

तेच दिवस आजीच्या पेटींतील तलम घड्यांची गोधडी करण्यास मातोश्रींनीं काढल्या. सतरा वर्षांच्या नातवास त्यांनीं शेजारीं बसवून सुई ओंवावयास लावली. त्याचे टांके पहिल्या दिवशीं वीतभर लांबीचे पडले. मातोश्रींनीं ते सगळे उसवले आणि दोरा वांया जाऊं नये म्हणून गुंडाळून ठेविला. गोधडी अद्याप पुरी झालेली नाहीं. अडीच बाजू झाल्या आहेत.

माळ्यावर आतां आजीची पेटी, झाकण असलेले एकोणीस डबे आणि बारा बरण्या एवढेंच आहे, आणि प्रत्येकीवर कशाकरितां तें लिहिलेली चिठ्ठी आहे. मिक्सर नसलेलें भांडें मात्र मातोश्रींनीं कोणास नेऊं दिलें नाहीं. त्याचें पातें काढून टाकल्यावर तळाशीं जें भोंक पडलें, तें पाण्याच्या निचऱ्यास आयतेंच झालें. त्यांत पुदिना लावला आहे. चटणीकरितां तो खुडावयास भावजयच जाते.