गांजाची परीक्षा आणि परीक्षकाची परीक्षा

वाण्याच्या तराजूवर सरकारी शिक्का आहे की नाही, हे पाहून घेण्याची सवय आम्हां कामगारांना चाळीतल्या बायकांनी लावली. मग ज्या तराजूवर माणसाच्या आयुष्याची वर्षे तोलली जातात, त्यावरचा शिक्का कोण पाहतो? आमच्या एका सभासदाचा पुतण्या गांजाच्या पिशवीसह पकडला गेला. घरच्यांनी विचारले, "लॅबचा रिपोर्ट म्हणजे काय हो?" तीस वर्षे करारनामे वाचणारे आम्ही, पण उत्तर देता येईना. तेव्हा वाचायला बसलो.

१९८५ च्या कायद्यात गांजा म्हणजे त्या झाडाचे फुललेले वा फळलेले शेंडे. शेंड्यांवाचून नुसती पाने वा बिया असतील तर तो गांजा नव्हे. २००१ पासून १ किलोहून कमी माल 'अल्प' आणि २० किलोंच्या वरचा 'व्यापारी' ठरतो. अल्पाला फार तर १ वर्ष कैद, व्यापारी प्रमाणाला निदान १० वर्षे. आणि ओला पाला वाळला की वजन उतरते, हे कोणतीही गृहिणी सांगेल!

अंधेरीच्या शेजारीच, कलिन्याला, राज्याची न्यायसहायक प्रयोगशाळा आहे. अशा ठिकाणी पाल्यावरचे सूक्ष्म केस भिंगाखाली पाहतात, रसायन घालून रंग पाहतात, मग यंत्राने नशेचे द्रव्य, म्हणजे टीएचसी, वेगळे करून ओळखतात. नुसत्या रंगावर भागत नाही.

पण तपासणाऱ्याला कोण तपासतो? त्यासाठी १७०२५ क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. आपल्याकडे त्यानुसार मान्यता देते ती एनएबीएल. काटा शेवटचा कधी जुळवला, आकड्यात चूक किती संभवते, दुसऱ्या प्रयोगशाळेशी निकाल मिळतो का, हे सारे कागदावर दाखवावे लागते. आम्हांला मोलाची वाटली ती आरंभीचीच अट: निःपक्षपात. तपासनिसावर पैशाचा वा अन्य दबाव नको. औषधकारखान्यांतली लॅबची पोरे आमच्या कचेरीत येऊन सांगत, "साहेब म्हणतात, आकडा बसवून द्या." त्यांचे दुःख मानकात लिहिलेले पाहून आम्ही चकित झालो.

तथापि मान्यता हा ताईत नव्हे. अमेरिकेत जेथे गांजा कायदेशीर विकतात, तेथे विक्रेताच खासगी प्रयोगशाळेला फी देतो. टीएचसीचा आकडा जिथे चढा मिळतो तिकडे गिऱ्हाईक वळते. मान्यता असूनही हे घडले. शिवाय मान्यता सरसकट नसते, ठरावीक चाचण्यांपुरती असते. भिंतीवरच्या चौकटीतल्या प्रमाणपत्राला जोडलेली यादी वाचावी लागते.

आणि प्रयोगशाळा बोलते ती हाती आलेल्या नमुन्याविषयी, गोणीविषयी नव्हे. म्हणून २०२२ च्या नियमांप्रमाणे नमुने न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर, दुहेरी, आणि गांजाचे निदान २४ ग्रॅमचे घ्यावयाचे असतात. त्या पुतण्याच्या चुलत्याला आम्ही एवढेच लिहून दिले: वजन कोणी केले, ओले की वाळलेले, नमुना कोणासमोर काढला, सील शाबूत पोचले का. तो कागद घेऊन तो वकिलाकडे गेला.