घरची चूल आणि बेकारीचा भत्ता

मी भिलाईत राहतो, म्हणून उदाहरण इथलंच घेतो. समजा, ठेकेदाराकडचे दोन फिटर एकाच दिवशी बेकार झाले. पगार दोघांचाही १८ हजार. एकाची बायको शिक्षिका. तो दोन महिने थांबून बरं काम शोधेल. दुसऱ्याच्या घरी दुसरी कमाई नाही, पदरात दोन मुलं. वाण्याची उधारी वाढली की तो १४ हजारांनाही ‘हो’ म्हणेल. दोघांचे हात सारखेच कसबी, मजुरी मात्र घरची चूल ठरवते.

ईएसआयसीची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ साली सुरू झाली. २०२० मध्ये तिचा भत्ता सरासरी कमाईच्या २५ वरून ५० टक्के केला. मुदत जास्तीत जास्त ९० दिवस. म्हणजे अटींत बसले तर दोघांनाही महिना साधारण ९ हजारच. घर कुणी मोजत नाही.

मग शिक्षिकेचा पगार बघून पहिल्याचा भत्ता कापायचा? नको. तो तिच्या नोकरीवरचा दंड होईल. जर्मनीत निव्वळ पगाराच्या ६० टक्के मिळतात, मूल असेल तर ६७. मला हा मार्ग पटतो: बायको कमावते का, हे विचारू नका, खाणारी तोंडं मोजा.