उघडी वही आणि वाचणाऱ्याची खासगी बाब
(ब्लॉकचेन एक्सप्लोरर म्हणजे काय?)

निकालाचा दिवस आठवा. फलकावर यादी लागते. त्यात नावे नसतात. परीक्षा क्रमांक आणि त्यापुढे गुण एवढेच असते. ज्याला आपला क्रमांक ठाऊक, त्याला आपले गुण कळतात. इतरांना नुसते आकडे दिसतात. पण मित्राने तुमचा क्रमांक एकदा ध्यानात ठेवला, की तुमच्या साऱ्या विषयांचे गुण त्याला उघड झाले! बिटकॉइन या आभासी चलनाची हिशोबाची वही नेमकी अशीच आहे.

ही वही ३ जानेवारी २००९ रोजी सुरू झाली. सातोशी नाकामोतो हे टोपणनाव घेतलेल्या व्यक्तीने ती सुरू केली. साधारण दर दहा मिनिटांनी तिला एक नवे पान जोडले जाते. या पानाला ब्लॉक म्हणतात. प्रत्येक पानावर आधीच्या पानाचा गणिती ठसा असतो, म्हणून जुन्या पानावरचा एक आकडा बदलला तरी पुढचे सगळे ठसे चुकतात आणि लबाडी उघडी पडते. पानांची ही साखळी म्हणजेच ब्लॉकचेन. तिच्या प्रती जगभरातल्या हजारो संगणकांवर आहेत आणि कोणालाही ती वाचता येते.

मात्र पाचशे जीबीहून मोठी असलेली ही वही माणसाने डोळ्यांनी वाचावी अशी नाही. त्यासाठी जो प्रोग्राम लागतो त्याला ब्लॉक एक्सप्लोरर म्हणतात. त्याचे तीन भाग असतात. पहिला भाग म्हणजे वहीची पूर्ण प्रत ठेवणारा संगणक, ज्याला नोड म्हणतात. दुसरा भाग म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची : कोणता पत्ता कोणत्या पानावर आला आहे, हे सांगणारी. तिसरा भाग म्हणजे आपण क्रमांक टाइप करतो आणि उत्तर वाचतो ते पान.

आपली काळी नदी दिग्गीजवळ उगम पावते आणि कारवारजवळ समुद्राला मिळते. काठाकाठाने उलट चालत आलो तर उगमापर्यंत पोचता येते. एक्सप्लोररमध्ये बिटकॉइनचा माग असाच मागे मागे काढता येतो. २०१६ मध्ये बिटफिनेक्स या बाजारातून सुमारे १,२०,००० बिटकॉइन चोरीला गेले. २०२२ मध्ये अमेरिकेच्या तपास यंत्रणेने त्यांपैकी सुमारे ९४,००० जप्त केले. साडेपाच वर्षे उलटली तरी वहीतला माग पुसला गेला नव्हता. उघड्या वहीचा हा मोठा फायदा आहे.

आता दुसरी बाजू पाहू. समजा, कोणी नाडकचेरीत जाऊन एका सर्व्हे नंबरची पहाणी मागितली. पहाणी उघडी आहे, त्यात गैर काही नाही. पण संध्याकाळपर्यंत गावात चर्चा सुरू होते, "अमक्याने तमक्या जमिनीची चौकशी केली. व्यवहार ठरतोय वाटतं!" इथे गुपित फुटले ते वहीतले नव्हे, वही पाहणाऱ्याचे. एक्सप्लोररचेही तसेच आहे. आपण दुसऱ्याच्या एक्सप्लोररवर पत्ता टाकला की आपल्या जोडणीचा आयपी क्रमांक, वेळ आणि आपण काय शोधले हे तिकडच्या संगणकाला कळते. माणूस बहुधा स्वतःचाच पत्ता पुन्हा पुन्हा पाहतो. म्हणजे आतापर्यंत निनावी असलेल्या क्रमांकाला नाव चिकटवण्याची सोय आपणच करून देतो.

म्हणून खासगीपणा जपणारा एक्सप्लोरर बांधताना काही पथ्ये पाळावी लागतात. नोड आणि सूची स्वतःच्या संगणकावर ठेवायची; प्रश्न तिसऱ्याकडे पाठवायचा नाही. कोण आले, काय विचारले याची नोंद वेब सर्व्हर सहसा आपोआप ठेवतो; ती बंद करायची. जे लिहूनच ठेवले नाही, ते चोरीला जात नाही. जाहिराती, भेटी मोजणारे काउंटर, बाहेरून येणारी अक्षरे आणि चित्रे पानावर घ्यायची नाहीत, कारण त्यांच्या मालकांनाही भेट कळते. जावास्क्रिप्ट बंद असले तरी पान उघडले पाहिजे. असे पान हलके असल्यामुळे आपल्या जोयडा तालुक्यासारख्या कमजोर सिग्नलच्या भागातही ते लवकर उघडते. टॉर या जाळ्यावरूनही ते मिळावे, म्हणजे पाहणाऱ्याचा ठावठिकाणा कळत नाही. शेवटचे पथ्य असे, की प्रोग्राम सर्वांना तपासता यावा. एस्प्लोरा हा असा मुक्त प्रोग्राम आहे. तो कोणीही आपल्या संगणकावर बसवू शकतो. सगळी वहीच घरी आणली, तर आपण कोणते पान उलटले हे बाहेर कोणाला कळणार?

काही चलनांनी वहीच झाकून टाकली आहे. २०१४ मध्ये आलेल्या मोनेरोच्या एक्सप्लोररमध्ये व्यवहार झाल्याचे दिसते, पण कोणी कोणाला किती दिले ते दिसत नाही. २०१६ च्या झीकॅशमध्ये उघडे आणि झाकलेले असे दोन्ही प्रकार आहेत. हिशोब दाखवायचाच असेल तर पाहण्यापुरती वेगळी किल्ली देता येते. तिने खर्च करता येत नाही. चांगला एक्सप्लोरर ही किल्लीसुद्धा मागवून घेत नाही, वापरणाऱ्याच्याच संगणकावर गणित सोडवतो.

मात्र झाकण्यालाही किंमत आहे. झीकॅशच्या गणितात एक चूक २०१८ मध्ये सापडली. तिच्या आधारे खोटी नाणी पाडली असती तरी कोणाला कळले नसते. चूक दुरुस्त करून २०१९ मध्ये ती जाहीर करण्यात आली. उघड्या वहीत सर्वांचे डोळे राखण करतात. झाकलेल्या वहीत सारा भार गणितावर येतो.

पालक विचारतील, याचा आपल्याशी काय संबंध? २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या गडचिरोली जिल्ह्यात, आपल्यासारख्याच जंगलातल्या एटापल्लीत, प्रशासनाने ६५,००० जातप्रमाणपत्रे पॉलिगॉन या ब्लॉकचेनशी जोडण्याचे काम हाती घेतले. उद्या गुणपत्रिका आणि जमिनीचे कागदही अशा वह्यांशी जोडले जातील. खोटे प्रमाणपत्र पकडणे सोपे होईल, हे चांगलेच. पण वहीत माणसाची माहिती न घालता केवळ तिचा ठसा घालावा, आणि तपासणाऱ्याची नोंद ठेवू नये, हे आग्रहाने सांगणारे लोक लागतील.

खासगीपणा म्हणजे लपवाछपवी नव्हे. आभासी चलनाच्या नफ्यावर आपल्या देशात १ एप्रिल २०२२ पासून तीस टक्के कर आहे आणि तो भरलाच पाहिजे. हे चलन विकत घ्या, असेही हा लेख सांगत नाही. पण खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. तो खटला दाखल करणारे न्या. के. एस. पुट्टस्वामी आपल्याच कर्नाटकाच्या उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते.

तेव्हा मुलांनो, संगणक शिकून उद्या तुम्ही एखादी वही किंवा तिची खिडकी बांधाल, तेव्हा आधी स्वतःला विचारा : मी जी माहिती साठवतो आहे, तिची मला खरेच गरज आहे का? आणि आम्ही मोठ्यांनी, शिक्षक, पालक आणि विश्वस्तांनी, मुलांची यादी फलकावर किंवा मोबाईलच्या गटात टाकण्यापूर्वी हाच प्रश्न स्वतःला विचारावा.