परीक्षेचा धाक आणि घरातील मंडळी

विद्यापीठाच्या परीक्षा जवळ आल्या की, ज्या घरात पदवीचा विद्यार्थी असतो त्या घराची तऱ्हाच पालटते. आजीबाई नवस बोलतात, वडील येता-जाता ‘किती वाचून झाले?’ म्हणून विचारतात, आणि काकामंडळी चुलतभावाच्या पहिल्या वर्गाची आठवण करून देतात. हेतू सर्वांचाच चांगला. तथापि त्याचा भार मुलाच्या बुद्धीवर कसा पडतो, याचा विचार क्वचितच होतो. तो येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

धाक मुळीच नको, असे आमचे म्हणणे नाही. यर्क्स व डॉडसन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९०८ साली उंदरांवर प्रयोग केले. काम सोपे असता विजेचा जोरकस धक्का उपयोगी पडे. तेच काम अवघड होताच मध्यम धक्क्याने उंदीर लवकर शिकत. पदवीचा अभ्यास तर अवघडच!

गणित सोडविताना आकडे व पायऱ्या मनात क्षणभर धरून ठेवाव्या लागतात. ही जागा आधीच अपुरी; तीत ‘नापास झालो तर?’ हा विचार शिरला की येत असलेले उत्तरही सुचत नाही. शिकागो विद्यापीठातील रामिरेझ व बायलॉक यांनी २०११ साली असे दाखविले की, परीक्षेपूर्वी दहा मिनिटे आपली भीती कागदावर लिहून काढल्याने चिंतातुर विद्यार्थ्यांचे गुण वाढतात.

जागरणाचे कौतुकही आपण सोडावे. कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स व डॅलनबाख यांनी १९२४ साली दोन विद्यार्थ्यांकडून निरर्थक अक्षरे पाठ करून घेतली. नंतर झोप घेतली असता ती पुष्कळच अधिक आठवत; तितकाच वेळ जागे राहिल्यास बरीचशी विसरली जात.

तेव्हा वडीलधाऱ्यांनी परीक्षेच्या दिवसांत गुणांचा व तुलनेचा विषय काढू नये, वेळेवर जेवू घालावे, आणि रात्री दिवा मालविण्यास सांगावे. मात्र एखाद्याची झोप वा अन्न तुटले, तो अबोल झाला किंवा जिवाविषयी निराशेचे बोलू लागला, तर त्यास आळशी न म्हणता त्याच्याजवळ बसावे आणि विनाविलंब डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सरकारची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे.

परीक्षा पुन्हा देता येते. निकाल काहीही लागो, या घरात आपले स्थान अढळ आहे, हे मुलास परीक्षेपूर्वीच स्पष्ट शब्दांत सांगावे, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.