मनाची शांती एका दिवसात येते का?



निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीला पेठ-सुरगाण्याकडून येणारे आदिवासी बंधुभगिनी मला विचारतात, विश्वास ठेवला की मन लगेच शांत होते का? मी त्यांना लक्ष्मीबाई टिळकांबद्दल सांगतो. त्या आपल्याच जिल्ह्यातल्या, नाशिकजवळच्या जलालपूरच्या.

10 फेब्रुवारी 1895 रोजी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पतीचा विरह, लोकांचे बोलणे, आतली तगमग! पुन्हा एकत्र राहू लागल्यावरही त्यांनी सोवळे लगेच सोडले नाही. मग एकदा त्यांनी स्वतःलाच विचारले, जातिभेद देवाने केला की माणसांनी? उत्तर मिळाले आणि कुणाच्याही हातचे पाणी घ्यायला त्या मोकळ्या झाल्या. त्यांचा बाप्तिस्मा 1900 साली झाला. मधली पाच वर्षे वाया गेली असे मला वाटत नाही. ‘स्मृतिचित्रे’ अवश्य वाचा. हसताहसता डोळे भरून येतात.

पौलाने फिलिप्पैकरांना देवाच्या शांतीविषयी लिहिले तेव्हा तो बंधनात होता. त्याच पत्रात एपफ्रदीताच्या आजारपणाचे दुःखही त्याने लपवलेले नाही. म्हणून उचल न फिटलेली एखादी बहीण प्रार्थनेत रडू लागली, तर तिचा विश्वास कमी आहे असे कृपा करून म्हणू नका. तिच्याजवळ बसा. उचलीचा हिशेब तिला वाचता येत नसेल, तर तो वाचून दाखवा.