बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वॉन्टेज इथे झाला. बरोबर त्यांची लहानगी लेक मनोरमाही होती. संस्कृतात पारंगत बाई, पुराणे मुखोद्गत, ख्रिस्ती तत्त्वज्ञानाचा अभ्यासही बारकाईने केलेला. तरी पुढे 1907 साली लिहिलेल्या साक्षीत त्या स्वतःच सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षे त्यांच्या हाती ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता. मुंबईत शारदा सदन सुरू झाले, ते पुण्याला हलले, विधवा मुली शिकू लागल्या. काम जोरात होते आणि आत मात्र समाधान नव्हते. 1891 च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. हा पाळक बरीच वर्षे धर्मसेवा करत होता आणि त्याचा खरा पालट झाला तो स्वतःचाच उपदेश करताना, व्यासपीठावर. ते वाचून रमाबाईंना आपले दुखणे कळले.

बाप्तिस्मा घेतला, नियमाने चर्चला जातो, म्हणजे देवाशी नाते आपोआप वाढणारच, हा देवाजवळ जाण्याबद्दलचा पहिला गैरसमज. त्याला रमाबाईंपेक्षा मोठा साक्षीदार मराठीत सापडायचा नाही. बाप्तिस्मा ही सुरुवात आहे, आणि कॅथलिक असोत वा प्रोटेस्टंट, बहुतेक मंडळ्या हेच शिकवतात. पण दाखला मिळाला की प्रवास संपला, अशा थाटात आपण वागतो.

आता याच्या उलट टोकाचा गैरसमज, आणि माझ्या मते तो जास्त घातक आहे: जितकी कडक साधना तितका देव जवळ. प्रायश्चित्तकाळाचे चाळीस दिवस आले की ही हिशेबवही उघडते. कोणी मांसाहार सोडतो, कोणी चहा. सोडण्यात वावगे काही नाही. पण ख्रिस्ती विश्वासाचा गाभा असा आहे, की पहिले पाऊल देव टाकतो. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात मुलगा अजून दूर असतानाच बाप धावत सुटतो, आणि मुलाने पाठ करून आणलेले माफीचे भाषण अर्धेच राहते. उपवास आणि प्रार्थना ही त्या कृपेची किंमत नव्हे. त्यांनी माणसाच्या आत जागा होते, इतकेच. उपवासाची फुशारकी मारू नका, तोंड धुऊन तेल लावा, हे येशूने डोंगरावरील प्रवचनात बजावले आहे. त्याच्याही शेकडो वर्षे आधी यशया संदेष्ट्याने 58 व्या अध्यायात लोकांना खडसावले, की देवाला आवडणारा उपवास म्हणजे जुलमाची बेडी तोडणे, भुकेल्याला आपल्या भाकरीतले देणे, उघड्याला वस्त्र देणे. उपवास करून नोकराला राबवणाऱ्यांवर तर त्याचा रोख थेट आहे.

भावनांचे काय? प्रार्थनेत डोळे भरून आले, अंगावर काटा आला, म्हणजे देव जवळ. मन कोरडे पडले, म्हणजे देव रुसला, असे समजणारे फार. मदर तेरेसांची खासगी पत्रे 2007 साली पुस्तकरूपाने आली आणि जगाला धक्का बसला. कोलकात्यात गरिबांची सेवा सुरू केल्यानंतरचा बहुतेक सगळा काळ, म्हणजे जवळपास पन्नास वर्षे, त्यांना देवाच्या सान्निध्याची जाणीवच होत नव्हती. बातम्यांनी त्याला श्रद्धेचा पेच ठरवले. पण ख्रिस्ती परंपरेला हे नवे नाही. सोळाव्या शतकातल्या स्पेनमध्ये क्रूसभक्त संत योहानाने या कोरडेपणाच्या ‘अंधाऱ्या रात्री’वर ग्रंथच लिहिला, आणि अशा काळात देव माणसाला भावनेच्या आधारापासून सोडवतो, असे त्याचे म्हणणे. स्तोत्रसंहितेचे 88 वे स्तोत्र तर अंधारातच संपते, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही. तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. पौलाने आपल्या शरीरातला काटा काढावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि तो निघाला नाही. तेव्हा संकटे टळणे हीही जवळिकीची खूण नव्हे.

चमत्कारिक अनुभवांबद्दल बोलताना पुन्हा रमाबाईंकडे जावे लागते. 1905 मध्ये केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये मोठी आध्यात्मिक जागृती झाली. मुली रडत, पापे कबूल करत, तासन् तास प्रार्थना करत. पुढे अन्यभाषांत बोलण्याचे अनुभवही आले. रमाबाईंनी हे दडपले नाही, टीका झाली तेव्हा मुलींची बाजूही घेतली. मात्र अन्यभाषा ही पवित्र आत्म्याची एकमेव आणि आवश्यक खूण नव्हे, प्रीती हीच खरी खूण, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. आज ज्या सभांमध्ये अन्यभाषा न येणाऱ्याला कमी लेखले जाते, तिथे त्यांचे हे मत कोणी वाचून दाखवील तर बरे. आणि त्या जागृतीनंतर बाई काय करत होत्या? हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांतून मराठी बायबल. वर्षानुवर्षे तेच काम. 1921 मध्ये मनोरमा गेली, 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल 1924 साली बाहेर आले.

घरसंसारातल्या माणसाला हे जमायचे नाही, ते धर्मगुरूंचे आणि सिस्टरांचे काम, असे म्हणणाऱ्यांना मी सतराव्या शतकातल्या पॅरिसच्या मठातला स्वयंपाकी दाखवतो. ब्रदर लॉरेन्स, पूर्वीचा शिपाई, पायाने अधू. मठातच राहणारा होता हे खरे, पण त्याची जागा भटारखान्यात, आणि त्या कामाची त्याला मनापासून नावड. तरी भांड्यांच्या खडखडाटात देवाशी बोलणे त्याने इतके अंगवळणी पाडले, की प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांत त्याला फरक उरला नाही. 1691 मध्ये तो वारला, आणि त्याची पत्रे व संवाद लोक अजून वाचतात.

देवाजवळ जायचे तर आपली गाणी, आपली चाल सोडावी लागते, हा समज आता बराच विरला आहे, म्हणून थोडक्यात. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण 1616 साली छापले गेले, सुमारे 11,000 ओव्यांचे. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड ना. वा. टिळक तर आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे मानत, आणि त्यांची भजने आजही उपासनेत गायिली जातात.

शेवटचा गैरसमज, की देव आणि मी, मध्ये कोणी नको. योहानाच्या पहिल्या पत्रात याला फारच रोखठोक उत्तर आहे: दिसणाऱ्या भावाचा द्वेष करून न दिसणाऱ्या देवावर प्रेम करतो म्हणणारा लबाड. आपल्याकडे बांधावरून बोलणे बंद झालेले सख्खे भाऊ रविवारी एकाच मिस्सेला, दोन टोकांच्या बाकांवर बसतात आणि दोघेही ख्रिस्तशरीर स्वीकारून घरी जातात. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशूने सांगितलेला क्रम वेगळा आहे. अर्पण वेदीपुढेच ठेवायचे, आधी जाऊन भावाशी समेट करायचा, मग परत येऊन अर्पण करायचे.