वारसा आणि गीतरचना : ग्लोरिया एस्टेफान

गाणें कोठून येतें, असा प्रश्न केला असतां बहुतेक लोक ‘कवीच्या प्रतिभेंतून’ असें उत्तर देतील. हें उत्तर खोटें नाहीं, परंतु अपुरें आहे. ज्या कुटुंबाला स्वदेश सोडून परमुलुखांत संसार थाटावा लागतो, त्या कुटुंबांतील मूल पुढें गीतें रचूं लागलें, तर त्या गीतांत वडील माणसांची भाषा, त्यांचें दुःख आणि त्यांचे ताल नकळत उतरतात. हें कसें घडतें तें दाखविण्यासाठीं क्यूबांत जन्मलेल्या व अमेरिकेंत वाढलेल्या ग्लोरिया एस्टेफान ह्या गायिकेची हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

ग्लोरियाबाईंचा जन्म १ सप्टेंबर १९५७ रोजीं हवाना शहरीं झाला. त्यांचे वडील होसे फाहार्दो हे बातिस्ता सरकारच्या नोकरींत होते. सन १९५९ मध्यें फिडेल कॅस्ट्रो ह्यांच्या क्रांतीनें तें सरकार उलथून पडलें आणि हें कुटुंब समुद्र ओलांडून फ्लॉरिडांतील मायामी शहरीं आलें. एप्रिल १९६१ मध्यें परागंदा क्यूबन लोकांनीं अमेरिकेच्या पाठबळानें ‘बे ऑफ पिग्ज’ येथें स्वारी केली, तींत फाहार्दो सामील झाले. स्वारी फसली. ते पकडले गेले आणि दीड वर्षाहून अधिक काळ मातृभूमीच्याच तुरुंगांत राहिले. सुटकेनंतर ते अमेरिकन सैन्यांत दाखल झाले व पुढें व्हिएतनामच्या युद्धावर गेले. तेथून ते घरीं ध्वनिफिती धाडीत आणि इकडून लहानगी ग्लोरिया आपला आवाज व आपलीं गाणीं फितीवर भरून पाठवी. दूर गेलेल्या माणसाला गाठण्याचें साधन म्हणजे गाणें, हा तिचा संगीतांतील पहिला धडा होय.

युद्धावरून परतल्यावर वडिलांना मज्जातंतूंच्या दुर्धर विकारानें ग्रासलें. आई क्यूबांत शिक्षिका होती, परंतु तिकडच्या पदव्या इकडे चालेनात. म्हणून ती दिवसा नोकरी करी व रात्रीं पुन्हा शिक्षण घेई. अशा स्थितींत आजारी वडिलांची शुश्रूषा व धाकट्या बहिणीचा सांभाळ हें ओझें किशोरवयीन ग्लोरियाच्या शिरावर पडलें. फुरसत मिळाली कीं ती खोलीचें दार लावून गिटार घेऊन बसे. रडण्याच्या जागीं आपण गात होतों, असें त्यांनीं पुढें सांगितलें आहे. त्यांच्या पुष्कळ गीतांत दुःख असून रडगाणें नाहीं, ह्याचें मूळ येथें सांपडतें.

सन १९७५ मध्यें त्यांची गांठ एमिलिओ एस्टेफान ह्या तरुण वादकाशीं पडली. तेही क्यूबांतून बालपणींच बाहेर पडलेले होते. त्यांचा वाद्यसंघ पुढें ‘मायामी साउंड मशीन’ ह्या नांवानें प्रसिद्ध झाला. ह्या संघाचें संगीत अमेरिकनांस फार लॅटिन आणि लॅटिन लोकांस फार अमेरिकन वाटेल, असें धंद्यांतील लोक म्हणत, ही गोष्ट एमिलिओ ह्यांनीं अनेकदां सांगितली आहे. देशांतर केलेल्या प्रत्येक घरांतील मुलांस हा पेंच पडतोच : इकडचें व्हावें कीं तिकडचें राहावें? ह्या मंडळींनीं दोन्ही सोडण्यास नकार दिला. संघाचे तालवादक एन्रिके गार्सिया ह्यांनीं रचलेलें ‘कॉन्गा’ हें गीत १९८५ सालीं गाजलें. त्याचे शब्द इंग्रजी, परंतु ठेका क्यूबाच्या उत्सवी मिरवणुकीचा! पुढें १९८८ मध्यें ग्लोरियाबाईंनीं स्वतः रचलेलें ‘एनीथिंग फॉर यू’ हें गीत अमेरिकेंत पहिल्या क्रमांकावर गेलें.

इंग्रजी गीतांनीं कीर्ति मिळवून दिल्यावर त्याच वाटेनें जाणें सोयीचें होतें. परंतु १९९३ मध्यें त्यांनीं संपूर्ण स्पॅनिश भाषेंतील गीतसंग्रह काढला. त्याचें नांव ‘मि तिएर्रा’, म्हणजे ‘माझी भूमि’. त्यांत आईबापांच्या तरुणपणींचे संगीतप्रकार योजले आहेत. त्यांपैकीं ‘सोन’ हा प्रकार ध्यानांत घेण्याजोगा आहे. स्पेनहून आलेल्या लोकांचीं तंतुवाद्यें आणि गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन लोकांचे ताल ह्यांच्या मिलाफांतून तो क्यूबाच्या पूर्व भागांत उपजला. ‘क्लाव्हे’ नांवाच्या दोन लांकडी दांड्यांवर दोन मात्रागटांत मिळून पांच आघात होतात, एकांत तीन व दुसऱ्यांत दोन, आणि सर्व वादक त्या आघातांस धरून चालतात. म्हणजे ज्याला आपण क्यूबाचा वारसा म्हणतों, तोही दूरदेशींहून आलेल्या लोकांनींच घडविलेला आहे. हवानाचे वयोवृद्ध वादक काचाओ ह्यांनींही ह्या संग्रहांत साथ केली. त्यास ग्रॅमी पारितोषिक मिळालें.

येथें एक मार्मिक गोष्ट सांगावीशी वाटते. ग्लोरियाबाईंनीं क्यूबा सोडला तेव्हां त्या तान्ह्या वयाच्या होत्या. त्यांच्या गीतांतील ‘माझी भूमि’ ही डोळ्यांनीं पाहिल्याहून अधिक आईच्या व आजीच्या तोंडून ऐकलेली आहे. वारसा म्हणजे बहुधा अशी ऐकीव आठवणच असते. ती तशीच ठेवली तर नुसती हळहळ उरते, आणि वैराला लावली तर विष होते. ह्याच संग्रहांत ग्लोरियाबाईंनीं सहकाऱ्यासह रचलेलें एक गीत निरनिराळ्या देशांच्या लॅटिन लोकांस एकच भाषा बोलण्याची, म्हणजे ऐक्याची, हांक देतें. ज्या घरानें तुरुंग व देशत्याग भोगला, त्या घरच्या मुलीनें ही हांक द्यावी, ह्याचें आम्हांस फार मोल वाटतें. सन २००७ मधील त्यांच्या संग्रहाचें नांव ‘९० मैल’ ह्या अर्थाचें आहे. क्यूबा व फ्लॉरिडाचें टोंक ह्यांमधील तें अंतर होय. सन २०२३ मध्यें अमेरिकेच्या गीतकारांच्या सन्मानमंडळांत त्यांचा समावेश झाला. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या लॅटिन स्त्री-गीतकार होत.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यांपैकीं कित्येकांचीं घरेंही गांव सोडून शहरांत आलेलीं असतील. आजीच्या ओठावरचीं गाणीं आणि गांवाकडील बोली ह्यांची लाज वाटूं देऊं नका. तीं विचारून घ्या, लिहून ठेवा. आणि पालकांसही आमची विनंति आहे कीं, मुलांनीं विचारण्याची वाट न पाहतां त्यांस तीं सांगावीं. जें सांगितलेंच जात नाहीं, त्याचें गाणें कोण करणार?